व्हाया इंग्रजी कशाला?

बऱ्हाणपूरहून रावेरला जायचं असेल तर कोणी दिल्लीचं तिकीट काढतं का?

कोरियन शिकणारी आमची पोरं रोज काढताहेत.

शनवाऱ्यापासून लालबागपर्यंत, कॉलेजात जाणारी मुलगी आहे अशा कुठल्याही घरात रात्री डोकावा. मोबाइलवर कोरियन मालिका. कानात इअरफोन. डोळे तळाच्या इंग्रजी ओळींवर. ऐकायचं कोरियन, वाचायचं इंग्रजी, मनात अर्थ लावायचा हिंदीत. आणि ज्या भाषेतून हे सगळं सर्वांत लवकर उमगलं असतं, त्या भाषेत आई आतून जेवायला हाक मारतेय.

एवढ्या खटाटोपात मराठीलाच तेवढं काम नाही.

आधी एक भांडण मिटवू. ‘मालिका बघून कुठे भाषा येते का?’ असं वडीलमंडळी विचारतात. स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी भरून आल्यावर विचारतात. तो क्लास वर्षभर करूनही तोंड न उघडलेली मुलं घरोघरी आहेत. त्यांच्याबद्दल कोणी काही विचारत नाही.

येते. कानाने भाषा येते.

पुरावा हवा? बऱ्हाणपुरातलं कुठलंही मराठी घर घ्या. शाळा हिंदी, बाजार हिंदी, कचेरी हिंदी, शेजार उर्दूचा, नातेवाईक निमाडी नाहीतर लेवा गणबोली बोलणारे. मराठीचा तास किती जणांच्या वेळापत्रकात होता? तरी पोरांना मराठी येते. आजीच्या तोंडून आली. पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती, फी तर नव्हतीच.

दुसरा पुरावा मणिपूरचा. तिथे २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमे आणि हिंदी वाहिन्यांवर बंदी घातली. ती रिकामी जागा कोरियाच्या ‘आरिरांग’ वाहिनीने आणि कोरियन मालिकांच्या सीडींनी भरून काढली. इम्फाळची तरुण मुलं एकमेकांना कोरियनमध्ये नमस्कार करू लागली. तेव्हा आपल्याकडे नेटफ्लिक्स नव्हतं, भाषा शिकवणारं अ‍ॅपही नव्हतं.

उरलेल्या देशाला संधी मिळाली नाही असं नाही. दूरदर्शनने २००६ मध्ये कोरियन मालिका दाखवल्या. त्यातून किती कोरियन शब्द आपल्याकडे राहिले?

एकही नाही. मालिका हिंदीत डब केल्या होत्या.

तेव्हा शिकायचं असेल तर डबिंग बंद. कथा हवी असेल तर खुशाल हिंदीत बघा, त्यात काही वाईट नाही. पण मग ‘मी कोरियन शिकतेय’ हे वाक्य तेवढं मागे घ्या.

डबिंग बंद केलं, कान कोरियनकडे लावला. डोळ्यांचं काय? डोळे इंग्रजीकडे गहाण आहेत.

‘स्क्विड गेम’ आठवतो? सप्टेंबर २०२१. त्यातली एक बाई एका गुंडाला ‘ओप्पा’ म्हणते. मुलीने थोरल्या भावाला मारायची ती हाक. वयाने मोठ्या, जवळच्या पुरुषालाही तीच हाक चालते. इंग्रजी ओळीत काय उमटलं? ‘बेब’. त्यावर तेव्हा जगभर वाद झाला. भाऊही गेला, वयही गेलं, लाडीगोडीने काम काढून घ्यायची त्या बाईची चलाखीही गेली. उरला एक फिल्मी शब्द.

इंग्रजीकडे नात्यांना पुरेसे शब्दच नाहीत. मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या एका ‘आंटी’त कोंबलेल्या. कोरियनमध्ये मावशी म्हणजे ‘इमो’, आत्या म्हणजे ‘कोमो’, मामा म्हणजे ‘वेसामछोन’. मुलीचा थोरला भाऊ ‘ओप्पा’, मुलाचा थोरला भाऊ ‘ह्यंग’. मुलीची ताई ‘ऑन्नी’, मुलाची ताई ‘नूना’. इथे तर कोरियन आपल्याही एक पाऊल पुढे आहे.

आणि खानावळीत वाढणाऱ्या अनोळखी बाईला मालिकेतला नायक काय म्हणतो? इमो. आपण भाजीवालीला काय म्हणतो? मावशी. यात इंग्रजीने येऊन काय समजावून सांगायचं राहिलं?

अजून पुढे चला. सासूशी खटका उडालेली सून बॅग भरते आणि ‘चिनजॉंग’ला निघते. इंग्रजी ओळ म्हणते, आईवडिलांच्या घरी. अर्थ बरोबर, जीव गेला. मराठी मुलीला एकच शब्द पुरतो: माहेर. ‘शिदेक’ म्हणजे सासर. ‘शिनुई’ म्हणजे नणंद. ‘दोंगसॉ’ म्हणजे जाऊ, आणि पुरुषांच्या बाजूने साडूसुद्धा. इंग्रजीत हे सगळे ‘इन लॉ’.

कायद्याने झालेले नातेवाईक. नणंदेचा टोमणा कायद्याने कळतो का?

कोरियन बायको नवऱ्याबद्दल बोलताना ‘उरी नाम्प्यॉन’ म्हणते. ‘उरी’ म्हणजे आमचा. इंग्रजीतून शिकणारा इथे चमकतो. आमचा नवरा? म्हणजे किती जणींचा? त्याच्यासाठी पुस्तकात चौकट टाकून खुलासा करावा लागतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायका ‘आमचे हे’ म्हणत आल्या. कोणी चौकट मागितली नाही.

मालिकेतला मुलगा घरातून निघताना बूट घालता घालता ‘दान्यॉओगेस्सुम्निदा’ म्हणतो. जाऊन येतो. मराठी घरात नुसतं ‘जातो’ म्हटलं की आजी डोळे वटारते, ‘येतो म्हण’. इंग्रजी ओळ बहुतेकदा ‘बाय’वर भागवते.

हे झाले शब्द. खरा खजिना क्रियापदांत आहे, आणि त्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

आई मुलापुढे वाटी सरकवते आणि म्हणते, ‘मॉगॉ ब्वा’. ‘मॉगॉ’ म्हणजे खाऊन. ‘ब्वा’ म्हणजे बघ. खाऊन बघ! शब्दाला शब्द, जागेला जागा. ‘हे ब्वा’ म्हणजे करून बघ. ‘हे ज्वॉ’ म्हणजे करून दे. ‘हे न्वास्सॉ’ म्हणजे करून ठेवलं. ‘मॉगॉ बॉर्यॉस्सॉ’ म्हणजे खाऊन टाकलं. आणि हा ‘टाकलं’ म्हणजे कचरा टाकण्यातलाच टाकणे. कोरियातही तेच क्रियापद, तोच उपयोग.

बघणे, देणे, ठेवणे, टाकणे. चार साधी क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाच्या मागे लागतात आणि बोलण्याचा सूर पालटतात. इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक यासाठी वेगवेगळे धडे लावतं, प्रत्येक धड्याला जड नाव देतं. आमची मुलगी ते इंग्रजी स्पष्टीकरण पाठ करते. जे ती शाळेत जायच्या आधीपासून बोलत आली, तेच परक्या भाषेत घोकते.

तिला हे येतं, एवढंच तिला कोणी सांगितलेलं नाही.

वाक्याची रचनाही तशीच. ‘नानुन हाक्क्योए गायो’. मी शाळेत जाते. आधी मी, मग शाळा, शाळेला मागून चिकटलेला ‘त’, आणि शेवटी क्रियापद. इंग्रजी माणसाला अख्खं वाक्य उलटं करून घ्यावं लागतं. आपल्याला फक्त शब्द बदलायचे आहेत.

इथे कोणी म्हणेल, हे तर हिंदीतूनही जमतं. खरं आहे. हिंदीतून जमतं, उर्दूतून जमतं, निमाडीतून जमतं. या शहरात बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेतून कोरियनकडे वाट जाते. बिकट वाट एकाच भाषेची, आणि बहुतेक पुस्तकं, अ‍ॅप आणि तळाच्या ओळी तिच्याच. आता कुठे कुठे हिंदीतून धडे मिळू लागलेत. मुलं तरीही इंग्रजीच निवडतात.

का? कारण इंग्रजीतून शिकलेलं खरं शिक्षण, अशी समजूत घरातूनच मिळाली आहे.

एक आकडा इंटरनेटवर फार फिरतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या हिशोबात कोरियन सर्वांत अवघड गटात, २२०० तासांची. मुली हा आकडा वाचून धास्तावतात. त्याच यादीत जरा वर बघा. हिंदी ११०० तास.

ज्याला ‘करके देखो’ शिकायला इतके तास लागतात, त्याची भीती आपण का उसनी घ्यायची?

उलट्या टोकाचेही लोक आहेत. कोरियनमध्येही वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात, म्हणून ती तमिळची बहीण. अयोध्येची राजकन्या कोरियात राणी झाली, म्हणून आपलं रक्ताचं नातं. राणीची गोष्ट ‘साम्गुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे आणि गोष्ट म्हणून सुंदर आहे. पण आईबापांचे शब्द जगभर मिळतेजुळते असतात, कारण तान्ह्या बाळाला म आणि प सर्वांत आधी जमतात. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषाही जपानीपासून तुर्कीपर्यंत पसरलेल्या आहेत. कोरियन मराठीची कोणी लागत नाही. बोलण्याच्या सवयी मिळतात. शिकणाऱ्याला तेवढ्या पुरतात.

एक पाहुणा मात्र दोघींकडे एकाच घरून आला. पोर्तुगिजांचा पाव. आपल्याकडे तो ‘पाव’ राहिला, जपानमार्गे कोरियात पोचला तेव्हा ‘प्पांग’ झाला.

आता लिपी. इथे तर इंग्रजीने सरळसरळ नुकसान केलंय.

राजा सेजोंगने १४४३ मध्ये हांगुल लिपी तयार करवली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली, चिनी अक्षरं न येणाऱ्या सामान्य माणसासाठी. आज तिच्यात १४ मूळ व्यंजनं आणि १० मूळ स्वर आहेत. व्यंजनाला स्वर जोडला की अक्षर तयार. क ला काना का. आपण बाराखडी गिरवत मोठे झालो, आपल्याला यात नवं काय? मन लावलं तर आठवड्याभरात हांगुल वाचता येते.

आणि तरी दोन-दोन वर्षं मालिका बघणारी मुलं कोरियन शब्द रोमन अक्षरांत लिहितात. कोरियनमधला ‘ऑ’च्या जवळचा स्वर रोमनमध्ये ‘ई’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरं जोडून लिहितात. आमची मुलगी ते वाचते आणि ‘यॉबो’चं ‘येओबो’ करते. कानाने बरोबर ऐकलेलं, डोळ्याने बिघडवलं.

बाराखडी येणाऱ्या माणसाने उच्चारासाठी रोमनकडे जावं?

उच्चारांतही आपण कोरे नाही. क आणि ख वेगळे आहेत हे इंग्रजी माणसाला समजावून सांगावं लागतं, कारण त्याच्या भाषेत त्या फरकाने अर्थ बदलत नाही. मराठी कानाला तो फरक जन्माबरोबर मिळतो. आपली अडचण वेगळी. कोरियनमध्ये क तीन प्रकारचे: साधा, कडक आणि हवेचा. साधा शब्दाच्या सुरुवातीला क वाटतो, मध्ये आला की ग. प-ब चंही तसंच. बुसान शहर २००० सालापर्यंत इंग्रजीत ‘पुसान’ लिहिलं जायचं, ते याच घोळातून. इथे मेहनत आहे. पण ती कानाची मेहनत आहे, आणि मालिका तीच करून घेतात.

झालं मालिकांचं कौतुक. आता टाचणी तिकडे.

मालिका बघून शिकलेल्या मुलीला ‘बोनबुजांगनिम’ येतं. विभागप्रमुख साहेब. तिला ‘सुत्गाराक’ येत नाही. चमचा. तिला वारसाहक्क, घटस्फोट, खटला, स्मृती गेली, सगळं येतं. सर्दी झालीय, सुटे पैसे नाहीत, नळाला पाणी आलं नाही, यातलं काही येत नाही. उद्योगपतीच्या मुलाशी लग्न ठरलं तर तिचं अडणार नाही.

बस पकडायची असेल तर अडेल.

म्हणून मालिका निवडा. राजवाड्यातल्या मालिकांत सगळे ‘जॉन्हा, जॉन्हा’ करत लोटांगण घालतात. महाराज, महाराज. पेहराव देखणे, भाषा भारदस्त, आणि बाजारात कवडीच्या उपयोगाची नाही. ‘महाराज, कृपा व्हावी’ म्हणून गांधी चौकात कोणी मावा जिलबी मागतं का? घरगुती शब्द हवे असतील तर ‘रिप्लाय १९८८’ बघा. २०१५-१६ ची मालिका, सोलमधल्या एका गल्लीतली पाच कुटुंबं. भरलेल्या वाट्या या घरातून त्या घरात फिरतात, मुलं धावतात, आया ओट्याशी बसून उखाळ्यापाखाळ्या काढतात. भात, रस्सा, अभ्यास, कोळशाची शेगडी, उसने पैसे. रोजचे शब्द तिथे आहेत.

तिथेही सावध. त्यातले आईवडील आपापल्या प्रांताच्या बोलीत बोलतात. आणि ‘अवर ब्लूज’ या २०२२ च्या मालिकेत तर जेजू बेटाची बोली अशी, की खुद्द कोरियन प्रेक्षकांसाठी तळाला कोरियन ओळी द्याव्या लागल्या. इंग्रजी ओळींत सगळं एकाच इस्त्रीचं. रावेरची आत्या आणि पुण्याचा काका एकसारखे बोलत नाहीत हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरातल्या मुलीने तरी कान टवकारावेत.

यापेक्षा मोठा धोका आहे तू-तडाकचा.

मालिकेत मित्र बोलतात, प्रेमिक बोलतात, गुंड बोलतात. सगळे एकेरीत. त्याला ‘बानमाल’ म्हणतात. मुलगी तेच उचलते आणि वयाने मोठ्या कोरियन माणसाशी तसंच बोलते. तो गप्प होतो. तिला कळत नाही का. क्रियापदाच्या शेवटी ‘यो’ लावायचं राहिलं. ‘गा’ म्हणजे जा, ‘गायो’ म्हणजे जा ना, आदराने. एका अक्षराची किंमत.

मराठीला हे शिकवायचं? तू, तुम्ही, आपण, आणि ‘बाबा आले’ मधलं आदराचं अनेकवचन. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. इंग्रजी ओळी वाचत मालिका बघणारीला कळतच नाही, की आठव्या भागात नायक-नायिका तुम्हीवरून तूवर आली. त्या ओळीत तेव्हाही ‘यू’ होतं, आताही ‘यू’ आहे.

अख्खा भाग त्याच एका गोष्टीवर होता.

आणि आकडे. कोरियनमध्ये मोजणीचे दोन संच आहेत. एक देशी: हाना, दुल, सेत. एक चिनी मुळाचा: इल, ई, साम. साडेतीन वाजले हे सांगताना तास देशी आकड्यात आणि मिनिटं चिनी आकड्यात. ‘से शी सामशिप बुन’. एकाच वाक्यात दोन्ही. वय देशी, पैसे चिनी, फोन नंबर चिनी. मालिकेत नायक घड्याळ बघून धावत सुटतो. किती वाजले ते सांगत थांबत नाही. हे बसून पाठच करावं लागतं.

किती शब्द लागतात? इंग्रजी मालिकांवर २००९ मध्ये एक अभ्यास झाला होता, ८८ कार्यक्रमांचा. बोलण्यातले शंभरातले पंचाण्णव शब्द ओळखीचे वाटायला सुमारे ३००० शब्दकुळं यावी लागतात, असं त्यातून निघालं. कोरियन वेगळी भाषा, पण अंदाज यावा. आणि कोरियन सरकारची टोपिक परीक्षा, १९९७ पासून चालणारी, सहा पातळ्यांची, पहिल्या पातळीला काय मागते? सुमारे ८०० शब्द.

८०० आणि ३००० मधल्या दरीत बहुतेक उत्साह बुडतो.

दरी ओलांडायला रोज नवी मालिका कामाची नाही. एकच भाग पुन्हा पुन्हा बघणारी पुढे जाते. दहा मालिका एकेकदा बघणारी फक्त जागते. आणि शब्द सुटे घोकू नका, गोतावळ्याने घ्या. कोरियनमधले अर्ध्याहून अधिक शब्द चिनी मुळांचे आहेत, आणि ती मुळं आपल्या संस्कृत मुळांसारखी पुन्हा पुन्हा येतात. ‘हाक’ म्हणजे शिकणं. त्यावरून ‘हाक्सेंग’ विद्यार्थी, ‘हाक्क्यो’ शाळा, ‘देहाक’ विद्यापीठ, ‘बांगहाक’ सुट्टी, ‘युहाक’ परदेशी शिक्षण. विद्या, विद्यार्थी, विद्यालय, विद्यापीठ हे ज्याला एका दमात येतं, त्याला ही युक्ती सांगायला इंग्रजी शिक्षक हवा का?

बरं, हे सगळं केलं. तरी एक गोष्ट पडदा देऊ शकत नाही. तो उलट बोलत नाही.

पॅट्रिशिया कूल या अमेरिकी संशोधक बाईंनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं. काहींशी चिनी भाषिक माणूस समोर बसून खेळला, बोलला. काहींना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. समोर माणूस होता त्या बाळांच्या कानाने चिनी ध्वनी पकडले. पडद्यापुढच्या बाळांनी काहीच पकडलं नाही. कॉलेजची मुलगी बाळ नव्हे, ती पडद्यावरूनही पुष्कळ उचलते. पण बोलणं? ते उत्तर देणारं कोणी असल्याशिवाय सुटत नाही.

बऱ्हाणपुरात कोरियन माणूस कुठून आणायचा? नको आणायला. शेजारची मैत्रीण तीच मालिका बघते. दोघी मिळून एक प्रसंग घ्या, आवाज बंद करा, संवाद तुम्ही म्हणा. एकीने सून व्हायचं, एकीने सासू. मग वाक्यं बदला. खाऊन बघच्या जागी करून बघ, लिहून बघ, विचारून बघ. चुकलं तर चुकू द्या, अडलं तर पुन्हा ऐका. एकटीने कितीही भाग बघितले तरी तोंडाला ही सवय लागत नाही.

आणि या शहराने भाषा अशा थेटच जोडल्या आहेत. जामा मशिदीत जाऊन बघा. फारूकी सुलतान आदिलशाहने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली. तिच्यात अरबी शिलालेख आहे आणि संस्कृतही आहे. अब्दुर्रहीम खानखानान वर्षानुवर्षं याच शहरात राहिला. त्यापूर्वी, १५८९ मध्ये, त्याने बाबराच्या आठवणी चगताई तुर्कीतून थेट फारसीत आणल्या होत्या. ज्यांच्या आवारात अरबी आणि संस्कृत एका छताखाली नांदतात, त्यांना कोरियन आणि मराठी समोरासमोर बसवायला तिसरी भाषा का लागावी?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचं नाव घातलंय. नाव घालणं सोपं. शिक्षक कुठे आहेत, पुस्तकं कुठे आहेत, आणि ती कुठल्या भाषेतून लिहिलेली आहेत?

कोरियन कंपन्या तर दाराशी आहेत. रांजणगावात एलजी, तळेगावात ह्युंदाई, शेंद्र्यात ह्योसंगचा धाग्याचा कारखाना. आमच्या मागांच्या शहराला धाग्याचं महत्त्व सांगायला नको. तिथे दोन्ही बाजूंचं बोलणं समजणारं माणूस लागतं. ते माणूस घरात मराठी बोलत वाढलेलं असेल तर बिघडलं कुठे?

मागणी लहान आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने करावी, पुण्यातल्या कोरियन शिकलेल्यांनी करावी, कोणीही करावी. टोपिकच्या पहिल्या पातळीच्या ८०० शब्दांची मराठी-कोरियन पुस्तिका. हांगुल आणि देवनागरी. रोमन एकही अक्षर नको. नात्यांचं एक पान, माहेर-सासर, नणंद-जावेसकट. बघ, दे, ठेव, टाक यांचं एक पान. तू आणि तुम्हीचं एक पान, शेवटच्या ‘यो’सह. घड्याळाचं एक पान, दोन्ही आकड्यांनी. मागे बाराखडीच्या चौकटीत मांडलेली हांगुल. खिशात मावेल एवढी, आणि महिन्याच्या मोबाइल रिचार्जपेक्षा स्वस्त.

ती येईपर्यंत साधी वही घ्या. डाव्या पानावर कोरियन, उजव्या पानावर घरात बोलता ती भाषा. आणि तळाच्या इंग्रजी ओळी बंद करायची सोय तुमच्या मोबाइलमध्ये आधीपासून आहे.